बचत गटाचं बँक लोन, सात वर्षं वापरून मग लिहिलेला रिव्ह्यू (कडक भाकरीच्या धंद्यातून)

हा रिव्ह्यू मिक्सरचा किंवा हॉटेलचा नाही, बचत गटाला बँकेकडून जे लोन मिळतं, ज्याला आमच्याकडं सगळे लिंकेज म्हणतात, त्याचा आहे. माझं गाव मंगळवेढा तालुक्यात. मी कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकते. २०१८ ला गटात आले, तेव्हापासून तीनदा गटातून आणि एकदा स्वतःच्या नावावर कर्ज घेतलंय. हल्ली बऱ्याच जणी विचारतात की ताई गटात जाऊ का, फायनान्सवाल्याकडनं उचलू का, मुद्रा खरंच मिळतं का, तर प्रत्येकीला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहिते. मोठं झालंय पण पैशाची गोष्ट आहे, पूर्ण वाचा. बँकेचं नाव लिहीत नाही, कारण एकाच बँकेच्या दोन शाखांत मला जमीन-अस्मानाचा फरक दिसलाय.

आधी धंदा सांगते, नाहीतर पैसा कशाला आणि कधी लागतो ते कळणार नाही. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी माहीतच असेल, २०१६ ला तिला जीआय, म्हणजे त्या भागाचा खास माल म्हणून सरकारी मानांकन, मिळालं. त्या ज्वारीचं पीठ आधणाच्या पाण्यात मळायचं, भाकरी जेवणातल्या भाकरीपेक्षा पातळ थापायची, तव्यावर दोन्हीकडून भाजून घ्यायची आणि मग मंद आचेच्या कडेला उभी करून ठेवायची, ओल सगळी गेली पाहिजे. टिचकी मारली की खणकन वाजली तर ती पुड्यात भरायची, बद्द वाजली तर परत आचेला. एक ओली भाकरी पुड्यात गेली की दहाच्या दहा वाया, आणि गिऱ्हाईक परत येत नाही ते वेगळंच. आता मेन मुद्दा असा की ज्वारी सुगीत घ्यावी लागते, फेब्रुवारी-मार्च-एप्रिल, तेव्हाच ती स्वस्त आणि चांगली मिळते, आणि आमचा मोठा सीझन आषाढीला, पंढरपूर जवळच आहे, वारकरी माणूस कडक भाकरी आणि चटणी आनंदानं बांधून नेतो. म्हणजे पैसा टाकायचा सुगीत आणि हातात यायचा आषाढात, मधले तीन-चार महिने बाईनं काय करायचं? आमच्यासारखीला कर्ज लागतं ते ह्या मधल्या महिन्यांसाठी.

गटात यायच्या आधी मी हे सावकाराकडून करायचे, शेकडा ५ रुपयानं, म्हणजे महिन्याला ५ टक्के, वर्षाचे ६० होतात. भाकरी मी थापायची आणि नफा त्यांच्या घरात जायचा, असं चार वर्षं चाललं.

मग उमेदच्या (बचत गटांसाठीचं राज्य सरकारचं अभियान) सीआरपी ताई, म्हणजे गावोगाव गट बांधणाऱ्या ताई, गावात आल्या, त्यांनी आम्हा ११ जणींचा गट बांधला. आठवड्याला २५ रुपये बचत, दर सोमवारी संध्याकाळी मीटिंग, देवळाच्या मागच्या ओट्यावर. पंचसूत्री म्हणतात त्याला, नियमित बैठक, नियमित बचत, गटातल्या गटात कर्ज, त्याची वेळेवर परतफेड आणि सगळ्याचा लिहून ठेवलेला हिशेब. पहिल्या महिन्यात मला वाटलं २५ रुपयानं काय होणार, ११ जणींचे मिळून आठवड्याला २७५. पण सहा महिन्यांत पेटीत सात हजाराच्या वर गेले, आणि मला त्यातून ३ हजार मिळाले शेंगदाण्याला, कुणाच्या दारात न जाता. गटाचं व्याज शेकडा २, म्हणजे वर्षाला २४ टक्के, ऐकायला जास्तच वाटतं, मीही तेव्हा भांडले होते, पण ते व्याज गटातच राहतं, वर्षाच्या शेवटी ते आपल्याच ११ जणींचं असतं, हे मला पहिला हिशेब झाला तेव्हा कळलं. पुढं उमेदकडून गटाला १५ हजार फिरता निधी आला तोही गटाच्या भांडवलात जमा.

गटात सगळ्यात मोठी अडचण पैशाची नव्हती, लिहिण्याची होती. आमच्यातल्या पाच जणी अंगठा करायच्या. त्यातल्या एक अक्का, वय साठच्या पुढं, त्या म्हणायच्या मला रजिस्टर नको दाखवू, मला लाज वाटते. तेव्हा सीआरपी ताईंनी म्हसवडची गोष्ट सांगितली होती. म्हसवड आमच्यापासून फार लांब नाही, तिकडं माण तालुक्यात चेतना सिन्हा आणि तिथल्या बायकांनी माणदेशी महिला सहकारी बँक काढायचं ठरवलं, तर रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज नामंजूर केला, कारण अर्ज करणाऱ्यांत अंगठेवाल्या बायका होत्या. त्या बायका लिहा-वाचायला शिकल्या, परत मुंबईला गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या की मुद्दल सांगा, व्याज आम्ही तोंडी काढून दाखवतो, तुमच्या लोकांनाही कॅल्क्युलेटर न घेता काढायला सांगा. १९९७ ला त्या बँकेला लायसन्स मिळालं. ही गोष्ट ऐकून अक्का काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या सोमवारी नातवाची पाटी घेऊन आल्या. आता सही करतात, थरथरते पण करतात, आणि व्याज तर त्या आधीपासूनच आमच्या सगळ्यांपेक्षा पटकन काढायच्या.

आता बँकेचं. पहिला डोस (डोसच म्हणतात, औषधासारखं) २०१९ ला मिळाला, १ लाख. त्यात माझ्या वाट्याला १५ हजार, त्यातून सीलिंग मशीन आणि दोन मोठे तवे घेतले. बाकीच्यांनी कुणी शेळ्या घेतल्या, कुणी शिलाई मशीन, एकीनं नवऱ्याच्या ऑपरेशनला वापरले. तेव्हा काही जणी कुरकुरल्या की हे धंद्याला नाही वापरलं, पण मी तेव्हाही बोलले होते आणि आताही बोलते, घरातला माणूस आजारी असताना बाईनं सावकाराकडं जायच्या ऐवजी गटाकडं यावं हेच तर पाहिजे, आणि तिनं एकही हप्ता चुकवला नाही.

व्याजाचं बोलायचं तर ह्याच्या जवळपास दुसरं काही नाही. उमेदच्या गटांना ३ लाखांपर्यंतचं कर्ज ७ टक्क्यानं, वर राज्याची सुमतीबाई सुकळीकर उद्योगिनी योजना आहे, वेळेत फेडणाऱ्या गटाला व्याजाचा परतावा मिळतो. तारण नाही, जामीनदार नाही. सावकाराचे ६० आणि हे ७, आता तुम्हीच ठरवा. ह्या बाबतीत मी पाचपैकी पाच देते, हात आखडता घेत नाही.

पण काउंटरवर जो अनुभव आला तो सांगायलाच हवा. खातं उघडायला आमच्या अकराही जणींना आधार-पॅन घेऊन बोलावलं, एका दिवसाची मजुरी प्रत्येकीची बुडाली, ११ जणींचं एसटीचं भाडं वेगळं. नंतर कळलं की गटाचं बचत खातं उघडताना फक्त पदाधिकाऱ्यांची केवायसी पुरते, रिझर्व्ह बँकेचाच तसा नियम आहे, बाकीच्यांची कर्जाच्या वेळेला करतात. पहिल्या वेळेला तर आमच्या अध्यक्ष वहिनींना सरळ सांगितलं, मालकांना घेऊन या. कशाला? कर्ज गटाचं, सही वहिनींची, ठराव आमचा, त्यात मालक कुठं आले? वहिनी गप्प बसल्या, मीही गप्प बसले, त्या दिवशी तशाच परत आलो. एसटीत कुणी कुणाशी बोललं नाही. पुढच्या खेपेला आम्ही सगळ्या मिळून रजिस्टर घेऊन गेलो आणि सांगितलं, साहेब, लेखी द्या की मालक लागतो म्हणून. ते लेखी मिळालं नाही, लोन मात्र त्याच आठवड्यात मिळालं. अशा वेळेला एकटीनं जाऊ नका, सीआरपी किंवा बँक सखीला (गटांना बँकेच्या कामात मदत करणारी ताई) बरोबर घ्या, आणि काय सांगितलं ते कागदावर मागा, आवाज चढवायची गरजच पडत नाही.

दुसरी डोकेदुखी सह्या बदलण्याची. आमच्या सचिव ताईंचं बिऱ्हाड पुण्याला गेलं, नवीन सचिव निवडली, ठराव केला, सगळे कागद दिले, तरी खातं जवळजवळ तीन महिने अडकून पडलं होतं, पैसे भरता येत होते पण काढता येत नव्हते. त्यामुळं पदाधिकारी निवडताना गावातच राहणारी बाई निवडा, आणि बदल करायचा असेल तर सीझन नसताना करा.

आता जे मला सगळ्यात जास्त लागलं ते. २०२२ ची आषाढी. कोरोनाची दोन वर्षं वारी नीट झाली नव्हती, त्या वर्षी पंढरपूर पूर्ण भरणार हे सगळ्यांना माहीत होतं. आम्ही दुसऱ्या डोसचा, ३ लाखांचा, अर्ज सुगीच्या आधीच दिला होता, एमसीपी केलेली, म्हणजे कुणाला किती आणि कशाला त्याचा आराखडा, ठराव, सगळं. तर आधी म्हणे मार्च एंड आहे, एप्रिलमध्ये या. एप्रिलमध्ये साहेब बदलले. मे महिन्यात फाईल सापडेना. ज्वारीचा भाव तोपर्यंत क्विंटलमागं हजार-बाराशेनं वर गेला. जूनमध्ये मी आईची बोरमाळ ट्रंकेतून काढली. आई दारात उभी होती, तिनं एवढंच विचारलं, परत येईल ना गं? मी गहाण ठेवली, ज्वारी घेतली, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत आम्ही तिघी-चौघी भाकरी थापत होतो. माल सगळा संपला, एक पुडा राहिला नाही. आणि गटाचं लोन खात्यावर पडलं आषाढी झाल्यावर आठ-नऊ दिवसांनी. बोरमाळ सोडवून आणली, आईच्या हातात दिली, पण महाग ज्वारी आणि गहाणाचं व्याज ह्यात त्या सीझनचा निम्मा नफा गेला. ३ लाख मिळाले हे खरं आहे आणि ते वेळेवर मिळाले नाहीत हेही तेवढंच खरं. शेतीच्या मालावर जिचा धंदा आहे तिच्यासाठी व्याज दोन टक्के जास्त असलं तरी चालेल पण पैसा सुगीत पाहिजे.

म्हणून तिसऱ्या वेळेला, २०२३ ला, आम्ही टर्म लोन न घेता सीसी मागितलं, कॅश क्रेडिट, ६ लाखांची लिमिट. हे खूप गटांना माहीतच नसतं. ह्यात लिमिट मंजूर असली की लागतील तेव्हा काढायचे, विक्री झाली की भरायचे, वापरलेल्या पैशालाच व्याज. मार्चमध्ये मी माझ्या वाट्याचे ६० हजार काढले, ज्वारी घेतली, श्रावणात भरून टाकले. माझ्या धंद्याला हेच फिट बसतं. ह्या वेळेच्या मॅनेजर मॅडम वेगळ्याच होत्या, त्यांनी आमचं रजिस्टर मागून घेतलं आणि नुसतं चाळलं नाही, वाचलं. एका पानावर थांबल्या आणि म्हणाल्या, लॉकडाऊनमध्ये सुद्धा तुमची मीटिंग चुकलेली नाही? अक्का म्हणाल्या, चुकली नाही, लांब लांब बसलो. मॅडमनी तिथंच फाईलवर सही केली.

फायनान्सवाल्यांबद्दल विचारता म्हणून सांगते. मायक्रोफायनान्स कंपन्या दारात येतात, चार दिवसांत पैसे देतात, कागद कमी, हे सगळं खरं आहे, आणि २०२२ च्या त्या जूनमध्ये माझ्याही मनात आलंच होतं. पण दर साधारण २० च्या वर असतो, हप्ता आठवड्याला नाहीतर पंधरवड्याला, आणि आपला पैसा येतो सीझनला, तिथंच गाडी अडकते. एका कंपनीचा हप्ता भरायला दुसऱ्या कंपनीकडून काढलेल्या बाया मी बघितल्यात, आमच्याच गल्लीत. घेतलंच असेल तर एवढं माहीत असू द्या की घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घराच्या महिन्याच्या कमाईच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत, वसुलीला सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायचा नाही, लवकर फेडलं तर दंड लावायचा नाही, हे रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे नियम आहेत. दारात येऊन कुणी आवाज चढवला तर हे त्याला सांगा.

आता स्वतःच्या नावावरच्या लोनचं, इथं प्लीज नीट लक्ष द्या, कारण माझं जवळजवळ एक वर्ष ह्यात गेलं.

२०२४ ला मला स्वतःची गिरणी घ्यायची होती, मोठं सीलिंग मशीन आणि भाकरी वाळवायला कपाट, सगळं मिळून २ लाख ४० हजारांचं कोटेशन. गटातून एवढं एकटीला घेणं बाकीच्यांवर अन्याय झाला असता. तर पीएमएफएमई म्हणून योजना आहे, खाण्याचे पदार्थ करणाऱ्या छोट्या उद्योगांना, खर्चाच्या ३५ टक्के सबसिडी, आपले १० टक्के, बाकी बँकेचं. आपल्याकडं हे कृषी विभागाकडून चालतं, अर्ज भरून द्यायला जिल्हा संसाधन व्यक्ती असतात आणि त्यांना आपण काही द्यायचं नसतं. माझा अर्ज व्यवस्थित वर गेला. आणि बँकेत कॉम्प्युटरवर बघून सांगितलं, तुमचा सिबिल मायनस वन आहे.

सिबिल म्हणजे आपण कर्ज कसं फेडलं त्यावरून मिळणारे मार्क. मला वाटलं काहीतरी बुडवलंय आपण. घाम फुटला. मायनस वन म्हणजे वाईट नाही, मायनस वन म्हणजे ह्या बाईनं आयुष्यात कधी कर्ज घेतल्याची नोंदच नाही. सहा वर्षं हप्ते भरलेले, एक दिवस उशीर नाही, पण कर्ज गटाच्या नावावर, माझ्या पॅनवर त्यातलं काहीच दिसत नव्हतं. मी रजिस्टर काढून दाखवलं, तर म्हणाले हे चांगलं आहे पण सिस्टीमला चालत नाही. मग विचारलं, धंद्याची उलाढाल दाखवा, खात्याचं स्टेटमेंट. आणि तिथं माझ्या लक्षात आलं. विक्रीचा क्यूआर मुलाच्या मोबाईलला जोडलेला होता, स्मार्टफोन त्याच्याकडं म्हणून. सोलापूर-पुण्याच्या दुकानदारांचे पैसे मालकांच्या खात्यावर यायचे, कारण ते आधीपासून चालू होतं. माझ्या स्वतःच्या पासबुकात सात महिन्यांत तीन एन्ट्री, त्यातली एक गॅसच्या सबसिडीची. घरात कुणी माझा पैसा खाल्ला नाही, सगळा घरातच होता, मुलगा आणि मालक दोघंही माझ्या बाजूनं उभे होते, पण कागदावर बघितलं तर धंदा त्यांचा आणि मी कुणीच नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी बँक सखी ताईंनी माझ्या नावाचा क्यूआर काढून दिला, माझ्या खात्याला, माझ्या नंबरला. दुकानदारांना फोन करून सांगितलं की आजपासून पैसे ह्या खात्यावर. रोख आलेले पण मी आठवड्याला खात्यात भरायला लागले, आणि ज्वारीवाल्यालाही खात्यातूनच द्यायला लागले. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, स्वतःच्या नावावर केलं, ते पूर्ण फुकट आहे, माझ्याकडून तालुक्याला एका सेंटरवर पंधराशे घेतले होते, तुम्ही देऊ नका. फूड लायसन्सचं साधं रजिस्ट्रेशन वर्षाला १०० रुपये, तेही माझ्या नावावर. आठ महिन्यांनी परत त्याच शाखेत गेले, त्याच टेबलावर. स्टेटमेंट ठेवलं. ह्या वेळेला कुणी रजिस्टरही मागितलं नाही आणि मालकही मागितले नाहीत. माझे २४ हजार भरले, २ लाख १६ हजारांचं लोन झालं. सबसिडी ८४ हजार होते, पण ती हातात येत नाही हे समजून घ्या, ती बँकेतच बाजूला ठेवतात आणि तीन वर्षं हप्ते नीट गेले की कर्जात वळती होते. मधले दलाल सांगतात की सबसिडी काढून देतो, अर्धी तुझी अर्धी माझी, त्यांच्या नादी लागू नका.

मुद्राचं विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात, शिशू ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तारण लागत नाही, पण शाखेत जाऊन बसल्यावर प्रश्न हेच विचारतात, उलाढाल कुठं आहे, कुणाच्या नावावर आहे. मशीन घ्यायचं असेल आणि धंदा खाण्याचा असेल तर मी पीएमएफएमई आधी बघा म्हणेन.

मार्क द्यायचे तर गट आणि त्याचं कर्ज, पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो उशिरासाठी, खरं तर त्या आषाढीसाठी अजून कापायला पाहिजे पण सीसीनं भरून काढलं. शाखेतला अनुभव पहिल्या वेळेचा एक, मॅनेजर मॅडमचा पाच, सरासरी काढून उपयोग नाही. स्वतःच्या नावावरचं लोन, तीन. पैसा चांगला आहे, पण गटात सहा वर्षं इमानदारीनं वागलेल्या बाईला बँकेत जाऊन पहिल्यापासून ओळख करून द्यावी लागते हे चुकीचं आहे, गटाचं कर्ज प्रत्येकीच्या नावावर वेगळं नोंदवलं गेलं पाहिजे, हे मी आसपासच्या गावांतल्या गटांच्या प्रभागसंघाच्या मीटिंगला पण बोलले आहे आणि परत बोलणार आहे.

आणि सिबिल वर्षातून एकदा फुकट बघता येतं, सिबिलसारख्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून एक रिपोर्ट, त्याला पैसे देऊ नका. लोन मागायला जायच्या सहा-आठ महिने आधी बघा, आदल्या दिवशी नाही.

आमच्या गटातल्या अजून चौघींचे क्यूआर घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर आहेत. येत्या सोमवारी मीटिंग झाली की बँक सखी ताई थांबणार आहेत, आधार, पासबुक आणि स्वतःच्या नंबरचा मोबाईल घेऊन यायला सांगितलंय सगळ्यांना. अक्कांकडं साधा फोन आहे, त्यांच्यासाठी छापील क्यूआर आणि पैसे आले की बोलणारा डबा घ्यायचा विचार आहे. त्याचं महिन्याचं भाडं किती पडतं आणि बाजारात रेंज नसताना तो चालतो का, हे कुणी वापरलं असेल तर खाली सांगा.